जांभळ्या टिपक्यांच्या सात नळ्या

तुमच्या घरात शेवटचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट आला, तेव्हा त्या एका शब्दाखेरीज त्यातलं आणखी काय वाचलंत?

काहीच नाही ना? मीही वाचलं नसतं. पण तो शब्द ज्या टेबलावरून निघतो, त्या टेबलाशी मी आठ वर्षं बसते आणि त्याच्याखाली माझी सही असते. बडोद्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या विषाणू प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. लोकांच्या नाकातून काढलेले नमुने तपासते. दिवाळी अंकात लिहिण्याजोगं हे काम आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. सणासुदीला शेंबडावरचा लेख कोण वाचणार? पण गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर जे घडलं त्याचा धक्का माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. गप्प बसून तो जाणार नाही, हेही आता कळलं आहे.

आधी काम समजावून सांगते. आजारी माणसाच्या नाकात एक लांब, मऊ टोकाची काडी घालतात, आत फिरवतात आणि गुलाबी पाण्याच्या छोट्या नळीत बुडवून आमच्याकडे पाठवतात. आम्ही त्या पाण्यात विषाणू शोधतो. शोधतो म्हणजे आमच्याकडे एक यादी असते. रोजच्या तपासणीच्या यादीत तेव्हा चार नावं होती: दोन प्रकारचे फ्लू, कोविड आणि तान्ह्या मुलांची छाती भरवणारा आणखी एक. पोलीस चौकीत चार फरारींचे फोटो लावलेले असावेत आणि शिपायाने येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड त्या चार फोटोंशी ताडून बघावं, तशी ही तपासणी. चारांपैकी कोणी सापडला तर पॉझिटिव्ह, नाही सापडला तर निगेटिव्ह. पाचवा चोर भांड्याकुंड्यांसकट समोरून चालला असेल, तरी शिपाई त्याला वाट करून देतो.

मशीन आणखी एक गोष्ट बघतं. नळीत खरोखर माणसाच्या नाकातलं काही आलंय की नाही? जवळच्या पादरा गावच्या एका केटररकाकांना नाकात काडी घालायची भयंकर भीती. त्यांनी नमुना घेणाऱ्या आमच्या बाईंच्या हातातून काडी घेतली, “हुं जाते करी लईश,” माझं मीच करतो, म्हणाले, पाठ फिरवली आणि क्षणात नळी बंद करून परत दिली. मशीनने तपासलं तर आत काहीच नाही. मी त्यांना फोन केला.

“काका, परत यावं लागेल. तुमच्या नळीत माणूसच सापडला नाही.”

काका पलीकडून एकदम आनंदाने, “एटले नेगेटिव ने?”

आम्ही त्या दिवशी पोट धरधरून हसलो. आज तो प्रसंग आठवला की हसू अर्ध्यावर थांबतं. काका काय चुकीचं बोलले? काही सापडलं नाही म्हणजे काही नाही, हे त्यांचं गणित. आम्ही शिकलेसवरलेले लोक वर्षानुवर्षं तेच गणित छापून देत होतो.

नवरात्र जवळ आलं की आमच्या खिडकीवर वेगळीच गर्दी होते. बडोद्यात गरबा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी येणाऱ्या मुली येतात आणि म्हणतात, “बेन, नेगेटिव आपी दो ने, पास लई लीधो छे.” गरब्याचा पास काढून झालाय, आता निगेटिव्ह तेवढा द्या; जणू मी मागे पिशवीत निगेटिव्ह भरून ठेवले आहेत आणि मागेल त्याला देते. मी चिडायचे. “रिपोर्ट देत नाही मी, तपासते,” असं खिडकीतून ओरडायचे. आईला वाटतं, बापाचा स्वभाव पोरीत उतरला. खरं आहे ते. माझे वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. मी वाचायला शिकले ती ‘कामगार बंधूंनो’ या शब्दांवर. पप्पांचा नियम होता: एका वाक्यात एक मुद्दा, एका कागदात एक मागणी. “पाळी सुटल्यावर माणूस दारातून बाहेर पडता पडता वाचतो, अश्विनी. कंसातलं आणि बारीक अक्षरातलं कोणी वाचत नाही. ते काढून टाक.”

हा नियम मी आमच्या रिपोर्टला लावला. माझी चूक इथे आहे, आणि ती कोणा दुसऱ्याने सांगण्याआधी मीच सांगते.

आमच्या जुन्या रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात चार ओळी असायच्या. या तपासणीत खालील विषाणूच शोधले आहेत. इतर विषाणूंचा संसर्ग असू शकतो. डॉक्टरांनी लक्षणं पाहून निर्णय घ्यावा, असं सगळं. त्या ओळींमुळे रिपोर्ट दुसऱ्या पानावर जायचा. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर पहिलं पान पुढे पाठवायचे आणि दुसरं कुठेतरी हरवायचं. मग फोन यायचे की रिपोर्ट अर्धाच आला. रिपोर्टचा नवा साचा बनवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी त्या ओळी उडवल्या. नाव, वय, तारीख, मोठ्या ठळक अक्षरात निकाल, खाली सही. एक पान, एक मुद्दा. सगळ्यांनी वाहवा केली. पप्पांना मी तो कौतुकाने दाखवला होता. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि “छान, सुटसुटीत आहे,” म्हणाले.

आता दुसरी गोष्ट. आमच्या विभागप्रमुख पारीख मॅडम साठीला आलेल्या बाई आहेत, आवाज हळू आणि हट्ट मोठा. त्यांना एक प्रश्न बरीच वर्षं छळत होता. आमच्याकडे येणारी माणसं शिंकत, तापाने फणफणत येतात आणि त्यातली पुष्कळशी निगेटिव्ह निघतात. मग त्यांना झालंय तरी काय? निगेटिव्ह नमुने आठवडाभर शीतपेटीत राहायचे आणि मग जाळायला जायचे. मॅडम म्हणायच्या, “आपण उत्तर फेकून देतो, अश्विनी.”

विषाणू दिसला नाही तरी नाकाला तो कळलेला असतो. नाकाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी विषाणू शिरताच शेजारच्या पेशींना सावध करतात आणि रक्तातल्या शिपायांना बोलावणारी प्रथिनं सोडतात. त्यातलं एक प्रथिन त्याच गुलाबी पाण्यात मोजता येतं. विषाणू कोणता, हे ते सांगत नाही. घरात कोणीतरी शिरलंय आणि कुत्रं भुंकतंय, एवढंच सांगतं. मॅडमनी ठरवलं की फेकून द्यायच्या नमुन्यांत हे प्रथिन मोजायचं. ज्या निगेटिव्ह नमुन्यात कुत्रं जोरात भुंकतंय, तो नमुना मोठ्या यादीच्या प्रयोगशाळेत पाठवून चोर कोण ते बघायचं. संशोधनाच्या नैतिकता समितीने परवानगी दिली, पण एक अट घालून. नमुन्यावरचं नाव काढून नवा नंबर चिकटवायचा. आम्हाला नमुना कोणाचा ते कळता कामा नये, आणि या मोजणीचा निकाल रुग्णाला द्यायचा नाही, कारण ही चाचणी निदानासाठी अजून पक्की ठरलेली नाही.

दर शुक्रवारी मी ही मोजणी करायचे. शहाण्णव छोटे खळगे असलेली प्लास्टिकची एक प्लेट असते. प्रत्येक खळग्यात एकेक नमुना घालायचा, थांबायचं, धुवायचं, पुन्हा काही घालायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा धुवायचं. शेवटी जे द्रव्य घालतो त्याने प्रथिन असलेला खळगा निळा होतो. जितकं प्रथिन जास्त, तितका निळा गडद. मग थोडं आम्ल घातलं की निळ्याचं पिवळं होतं आणि यंत्र तो रंग मोजतं. सुरुवातीच्या आठवड्यांत एखाददुसरा खळगा रंगायचा. एकदा एक असा गडद झाला की आम्ही नवा विषाणू सापडल्याच्या थाटात चहा मागवला. निघाला कोणाच्या तरी नाकातला साधा जिवाणू. कुत्रं कधी मांजरावरही भुंकतं, हा धडा त्या दिवशी मिळाला.

नवरात्र सुरू होण्याआधीच्या शुक्रवारी मी द्रव्य घातलं आणि घड्याळाकडे बघत बसले. पाच मिनिटांत नऊ खळगे निळे झाले. विखुरलेले होते, दोन इथे, एक तिथे, तीन खाली. मला पहिल्यांदा वाटलं, धुताना माझा हात चुकला. नीट धुतलं नाही की खोटा रंग येतो. मी चरफडत शीतपेटी उघडली, कारण मोजणी पुन्हा करायची तर त्या नऊ नळ्या पुन्हा लागणार.

पहिली नळी काढली. झाकणावर जांभळा टिपका. दुसरी काढली. जांभळा टिपका. तिसरीवरही तोच.

इथे माझी एक सवय सांगायला हवी. सकाळी नमुन्यांची खोकी येतात तेव्हा मी एकाच ठिकाणाहून आलेल्या नळ्यांच्या झाकणावर एका रंगाच्या पेनाने टिपका देते. वाघोडियाच्या कारखान्यांतून आलेल्यांना हिरवा, मुलांच्या वॉर्डाला लाल. रॅकमध्ये नळ्या सरमिसळ झाल्या तरी लगेच वेगळ्या काढता येतात. सगळ्या प्रयोगशाळांत असं काहीतरी चालतं, कोणी नोंदवत नाही. संशोधनासाठी नवे नंबर चिकटवले जायचे ते नळीच्या अंगावर. झाकणाकडे कोणी बघितलंच नव्हतं. मीसुद्धा.

जांभळा टिपका त्या आठवड्यात मी एकाच ठिकाणाला दिला होता. सुभानपुऱ्यातला एक वृद्धाश्रम. सोमवारी तिथून सात नमुने आले होते. मंगळवारी माझ्या सहीने सातही निगेटिव्ह गेले होते.

नऊपैकी सात नळ्यांवर जांभळा टिपका निघाला. आठवी-नववी दुसरीकडच्या होत्या. म्हणजे वृद्धाश्रमाचा एकही नमुना पांढरा राहिला नव्हता. मी त्या सात नळ्या बर्फावर ओळीने लावल्या. धुताना हात चुकला असता तर चुकीने एकाच घरातली माणसं निवडून काढली नसती.

मी धावत मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “ठिकाण तुला कसं कळलं?”

मी टिपक्यांचं सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. “ढांकणा पर टपकुं! अरे, समितीपुढे तीन महिने भांडून आपण डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली आणि तू तिला भोक पाडून ठेवलंस?”

“मॅडम, ओरडा नंतर. तिथे फोन करू दे.”

“काय सांगणार? तुमच्या म्हाताऱ्यांना काहीतरी झालंय, काय ते माहीत नाही?”

“हो. तेच सांगणार. तेच खरं आहे.”

“आणि परवाच्या त्या जिवाणूसारखं निघालं तर? सगळ्यांना खोल्यांत कोंडून बसवतील, सणाच्या दिवसांत. पुढच्या वेळी खरं सांगशील तेव्हा कोणी ऐकणार नाही. आपल्याला बघायची परवानगी आहे, अश्विनी. बोलायची नाही.”

“मग बघायचं कशाला?” मी ओरडले. बाहेर बसलेल्या दोघी माना वर करून बघायला लागल्या. “माणसं म्हणून बघायचं नाही, नंबर म्हणून बघायचं, आणि नंबर मेला की तक्ता पुरा करायचा?”

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “उद्या सकाळी पुन्हा लाव. ताज्या प्लेटवर, दोन-दोन खळग्यांत. पुन्हा तेच आलं तर समितीची वाट बघणार नाही, फोन मी स्वतः करीन.”

मी ऐकलं. हे मला आजही पटलेलं आहे आणि आजही पटत नाही. एका मोजणीवर विसंबून कोणाच्या घरी फोन करू नये, हे आमच्या धंद्याचं पहिलं शील आहे. पण ते शील पाळण्यात एक रात्र गेली, हेही खरंच.

शनिवारी दुपारपर्यंत चौदा खळगे रंगले. सात नमुने, दोन-दोनदा. मॅडमनी फोन उचलला, स्पीकरवर ठेवला. आश्रमाचे व्यवस्थापक वसंतभाई भला माणूस, पण घाईचा. मॅडमनी दोन वाक्यांत सांगितलं की तुमच्या सात जणांना कसला तरी श्वसनाचा संसर्ग असण्याची दाट शक्यता आहे, त्यांना बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

“मॅडम, रिपोर्ट तो नेगेटिव छे,” वसंतभाई म्हणाले. “मारी सामे ज छे. नीचे अश्विनीबेननी सही छे. बधाने बुधवारथी हॉलमां लई लीधा.”

सगळ्यांना बुधवारपासून हॉलमध्ये घेतलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

आम्ही गाडी काढून सरळ सुभानपुऱ्याला गेलो. आश्रमात सोळा जण राहत. आत शिरलो तर हॉलमध्ये खुर्च्यांचा गरबा चालला होता. ही तिथली जुनी रीत. नवरात्रात उभं राहून नाचता येत नाही म्हणून मधे दिवा ठेवतात, भोवती खुर्च्या मांडतात आणि सगळे बसल्या बसल्या टाळ्या देत गातात. दुसऱ्या दिवसापासून रोज होणार, म्हणून बुधवारपासून तालीम. सोळा खुर्च्या, सोळा उघडी तोंडं, गुडघ्याला गुडघा लागलेला. विषाणूला यापेक्षा सोयीची बैठक कोणी मांडून दिली नसती. आणि ती मांडायला हरकत नाही, असं लिहून दिलं होतं मी.

काळजीवाहू कोकिळाबेन मला ओळखायच्या, कारण नमुने त्याच पाठवायच्या. त्या धावत आल्या. “शुं थयुं, अश्विनीबेन? तोंड असं का?”

“गाणं थांबवा, कोकिळाबेन. आधी थांबवा.”

दाराजवळच्या खुर्चीतून एक उंच, हाडकुळे गृहस्थ मराठीत म्हणाले, “का हो बाई, बेसूर वाटलं का? ते माझ्यामुळे. बाकीचे बरे गातात.”

हे शिर्केकाका. रिफायनरीतून निवृत्त झालेले. त्यांची फुप्फुसं बरीच वर्षं खराब होती, त्यामुळे हॉलमध्ये खोकला सुरू झाल्याबरोबर कोकिळाबेननी त्यांना मागच्या खोलीत एकटं ठेवलं होतं. सात आजाऱ्यांत ते नव्हते. त्यांना जपण्यासाठीच तर नमुने पाठवले होते. रिपोर्ट आला, वसंतभाईंनी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, ‘सब नेगेटिव’ लिहून, आणि काकांच्या मुलीला फोन करून विचारलं की आता त्यांना हॉलमध्ये आणू ना? ती हो म्हणाली. कोण नाही म्हणेल?

आम्ही त्यांच्याशी बोलत होतो तेव्हा काका मधेच थांबून खोकले. कोरडा, लहानसा खोकला. “काही नाही,” म्हणाले, “चार दिवस गातोय ना. घशाला सवय नाही.”

मॅडमनी त्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात हलवलं. बाकीच्यांना वेगवेगळं केलं, खिडक्या उघडल्या, कोकिळाबेनना मास्क दिले. ते सातही जण बरे झाले. शिर्केकाका दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी गेले.

मोठ्या यादीच्या प्रयोगशाळेतून निकाल त्याआधीच आला होता. मला वाटत होतं, काहीतरी नवं, भयंकर, न ऐकलेलं असेल. इतक्या धक्क्याला तेवढं तरी कारण असायला हवं होतं. विषाणू जुनाच निघाला. मेटान्यूमोव्हायरस त्याचं नाव. डॉक्टरांना कित्येक वर्षं माहीत असलेला, दर हिवाळ्यात फिरणारा, म्हाताऱ्या छातीवर बसला तर उठता न उठणारा. तो लपलेला नव्हता. आमच्या चार नावांत त्याचं नाव नव्हतं, एवढंच. आम्ही विचारलंच नव्हतं. तो कागद हातात घेऊन मी कितीतरी वेळ उभी होते. अज्ञात शत्रूने मारलं असतं तर माणूस हात जोडतो. ओळखीच्याला आपणच दार उघडून दिल्यावर हात कोणाला जोडायचे?

दहा-बारा दिवसांनी काकांची मुलगी मीनल आमच्या खिडकीवर आली. माझ्याहून थोडी मोठी, बँकेत काम करते. तिने मोबाईल काचेला टेकवला. पडद्यावर माझा सुटसुटीत रिपोर्ट.

“याचा अर्थ मला सांगाल?” ती म्हणाली. “मी रोज उघडून बघते. मला कळत नाही.”

माझ्यामागे पारीख मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“चार विषाणू शोधले,” मी म्हटलं. “ते चार सापडले नाहीत. एवढाच याचा अर्थ आहे.”

“पाचवा असू शकतो?”

“हो.”

“हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

“हो.”

“मग यावर लिहिलं का नाहीत?”

“लिहिलेलं असायचं. मी काढलं. पान लांबत होतं म्हणून.”

मला वाटलं होतं ती ओरडेल. तेवढीच मी तयारी केली होती. ती म्हणाली, “बाबांना मागच्या खोलीत आवडायचं. रेडिओ मोठ्याने लावता यायचा. त्यांनीच मला विचारलं होतं, इथेच राहू का आणखी आठ दिवस? मीच म्हटलं, बाबा, रिपोर्ट निगेटिव्ह आहे, जा की सगळ्यांत. एकटे काय बसता?”

मग ती रडली, खिडकीच्या बाहेर, रांगेतल्या लोकांसमोर. मी आत होते. मधे काच होती. मी दार उघडून बाहेर गेले आणि तिला म्हटलं, “तुमची चूक नाही. तुम्ही कागदावर विश्वास ठेवलात. कागद माझा होता.”

तिने डोळे पुसले. “परत लिहा ते,” म्हणाली. “वर लिहा. तळाशी नको.”

त्या दिवशी घरी जाऊन मी पप्पांना सगळं सांगितलं. तुमचाच नियम लावला होता, असंही म्हटलं, थोडं टोचावं म्हणून. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “पत्रकातून विशेषणं काढायची असतात, पोरी. अट काढायची नसते. संप किती दिवसांचा, कोणत्या खात्याचा, हे काढलं तर माणसं मरतील उन्हात उभी राहून.” आणि पुढे, “मला दाखवलंस तेव्हा मीही बघितलं नाही. मीही निकालच वाचला.”

टिपक्यांची चूक मॅडमनी समितीला लेखी कळवली. त्या आठवड्याची सगळी मोजणी अभ्यासातून बाद झाली, आणि ते योग्यच झालं. मात्र त्याच पत्रात मॅडमनी समितीला विचारलं की एका घरातून सात वेळा कुत्रं भुंकलं तर आम्ही कोणाला सांगायचं? आता तशी वाट ठरली आहे. रंगलेले नंबर अभ्यासाबाहेरचा दुसरा एक डॉक्टर मूळ यादीशी ताडून बघतो, आणि एकाच ठिकाणचे तीन निघाले की त्याच दिवशी फोन करतो. शुक्रवारी फोन केला असता तर शिर्केकाका वाचले असते का, हे मी मॅडमना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, “माहीत नाही. आणि हे उत्तर तुला आयुष्यभर पुरवून वापरावं लागेल.” सांत्वन म्हणून काही खोटं बोलल्या नाहीत, म्हणून मी अजून त्यांच्या हाताखाली काम करते.

रिपोर्ट पुन्हा दोन पानांचा झाला आहे. वर, निकालाच्याही आधी, शोधलेल्या विषाणूंची नावं येतात आणि त्याखाली ठळक ओळ: ‘यांच्याशिवाय इतर विषाणू तपासलेले नाहीत.’ तक्रारी सुरू झाल्या आहेत. एका डॉक्टरसाहेबांनी फोन करून सांगितलं, “बेन, पेशंट घाबरतात याने.” मी म्हटलं, “घाबरू द्या, साहेब. घाबरून आठ दिवस म्हाताऱ्या आईपासून लांब झोपतील.” त्यांनी वरती तक्रार केली. करू देत. पण आमची एक खिडकी आहे. गावोगावी अशा शेकड्यांनी खिडक्या आहेत आणि त्यांतून एकेका शब्दाचे कागद रोज बाहेर पडताहेत.

म्हणून माझं एक काम करा. घरात कोणी खोकत असेल आणि हातात निगेटिव्ह कागद असेल, तर तो घेऊन जिथून आणला त्या खिडकीवर उद्या सकाळी जा आणि विचारा, “कोणकोणते विषाणू शोधलेत? नावं लिहून द्या.” आतली बाई वैतागेल. मागे रांग आहे, पुढे व्हा, म्हणेल. पुढे होऊ नका. ती नावं देणं तिचं काम आहे, आणि नावं हातात येईपर्यंत खोकणाऱ्याला घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत पाठवू नका, मग मोठ्या अक्षरांत काहीही छापलेलं असो. खिडकीच्या आतून सांगते, विचारणारी माणसं आम्हाला नकोशी वाटतात. तरीही या, आणि विचारा.